जावईबापूंनी बसवलेलं इंजिन

दवनीवाड्याच्या आमच्या अंगणात एका जुन्या जीपचं टर्बो इंजिन उघडलं होतं, त्या दिवसांत मी भाऊजींचा फार हेवा केला. भाऊजी म्हणजे ताईचा नवरा. तिरोड्याला त्यांचं गॅरेज आहे. ते इंजिन आता धान चुरायचं थ्रेशर चालवणार होतं.

मी गोंदियाला मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला. घरात कॉलेज पाहिलेला पहिलाच. वाटलं होतं, बाबा निदान एकदा मला विचारतील. त्यांनी विचारलं नाही, तर मीच सांगून पाहिलं. जीपमध्ये इंजिनवर जोर कमीजास्त होतो, समोरून वाराही लागतो. इथे ते एका जागी उभं राहून तासन्‌तास पूर्ण जोर लावणार. मोठा रेडिएटर हवा. पिस्टनच्या रिंगांना टोकाशी थोडी जास्त फट हवी, नाहीतर तापून त्या सिलिंडरमध्ये अडकतील.

"जावईबापू पाहतील ना," बाबा म्हणाले. "तू कायले हात काळे करतेस? परीक्षा हाय तुयी."

जावईबापूंनी पाहिलं. ट्रकचा रेडिएटर आणला, रिंगा घासून फट वाढवली, पंपातून जाणारं डिझेल जरा कमी केलं. मी म्हणालो होतो तेच, बहुतेक त्यांना आधीपासून माहीत असेल. बाबा मात्र शेजाऱ्यांना बोलावून बोलावून दाखवत होते आणि मी ओसरीवर पुस्तक उघडून ऐकत होतो.

चाचणीच्या दिवशी दुपारभर धान चुरलं. इंजिन एकदाही कुरकुरलं नाही. शेवटची पेंढी संपते न संपते तोच आईची हाक आली, "जावयाचं पान वाढलं!" बोदलकश्याच्या तलावातले मासे होते. जावई पानावर बसल्याशिवाय आमच्याकडे कुणी घास उचलत नाही. भाऊजी घाईने चावीकडे वळले.

टर्बो, म्हणजे इंजिनात जोराने हवा भरणारा पंखा, लाल तापलेला. लगेच बंद केलं तर तेल थांबतं आणि आतलं बेअरिंग जळतं. करू देत, असं क्षणभर मनात आलं. मग बाबाही बघतील.

"भाऊजी, बंद नका करू," माझ्या तोंडून निघालं. "थोडा वेळ हळू चालू द्या."

बाबा भडकले. "काऊन रे? जावयाले शिकवून राहिला का? अन्न थंडं होऊन राहिलं तिकडं!"

भाऊजी हसले. "सही बोलून राहिला तो, मामाजी. भूक लागली तं मीच भुललो. ले साले, तूच बंद कर."

"पाहा," बाबा आत जाताना आईला म्हणाले, "एवढा मोठा मिस्त्री, पण लहानाचंही ऐकून घेते. असा जावई भेटत नाही!"

मी एकटाच इंजिनपाशी उभा राहिलो. आतून हसण्याचे आवाज येत होते. टर्बोची शिट्टी हळूहळू बसली, तेव्हा मी चावी फिरवली.

"झालं का रे?" आतून बाबांनी विचारलं. "बरं हाय ना इंजिन?"

इतक्या दिवसांत त्यांनी इंजिनाबद्दल मला पहिल्यांदाच काही विचारलं होतं.

"हो बाबा, एकदम बरं आहे."

मग बाबांचाच आवाज आला, "जावईबापू, जेवण झालं का तुमी एक डाव पाहून घ्या."