भिंतीवरची मेंढरं

चूक माझी होती आणि ती मी मजुरावर ढकलली. घरात पुट्टीचं काम निघालं की तो ओला, चुन्यासारखा वास येतो आणि मला पुंडलिकनगरमधली आमच्या सोसायटीची भिंत आठवते. एका चित्रकार मुलीनं आठ दिवस उन्हात उभं राहून त्या भिंतीवर पुट्टीनं मेंढरांचा कळप उठवला होता. रंग द्यायचा बाकी होता. मी सोसायटीचा सचिव. चित्राच्या उद्घाटनाला पाहुणे येणार होते आणि मला ते खरबरीत उंचवटे ओबडधोबड वाटले, म्हणून तिला न विचारताच मी ते मजुराकडून घासून सपाट करून घेतले. संध्याकाळी ती आली, भिंतीकडं बघत राहिली आणि दमलेल्या आवाजात म्हणाली, "काका, ज्यांना दिसत नाही त्यांनी हातानं बघावं म्हणून केलं होतं ते." तेवढ्यात शेजारचे आंधळे बाबा रोजच्यासारखे भिंत चाचपत आले. डोळे जाईपर्यंत त्यांनी खुलताबादकडं मेंढरं राखली होती. त्यांचा हात गुळगुळीत भिंतीवर थांबला. "कातरली व्हय मेंढरं? लई घाई केली कुणीतरी," ते हसून म्हणाले. मी म्हणालो, "मजुरानं केलं, बाबा." मुलीनं सपाट भिंतीवरच रंग दिला, आणि बाबांनी त्या भिंतीला पुन्हा हात लावला नाही. काल घरातलं पुट्टीचं काम तसंच टाकून मी त्यांच्याकडं गेलो, त्यांच्याजवळ बसलो आणि म्हणालो, "बाबा, ती मेंढरं मी कातरली होती. मला माफ करा."