लसूणवाल्याचा मोबाईल

आमच्या आठवडी बाजारात देऊळगाव राजाच्या बसनं एक लसूणवाला यायचा. नाव मी कधी विचारलं नाही. तोलण्याआधी तो प्रत्येक गड्ड्यावर फुंकर मारायचा. गिऱ्हाइकाला सालीचं वजन नको.

एकदा बंदोबस्तावरच्या हवालदारानं मेथीवाल्या म्हातारीची टोपली लाथेनं उडवली. जो तो आपापल्या मालाकडे वळला. लसूणवाल्यानं मोबाईल काढला, कॅमेऱ्यावर तशीच फुंकर मारली आणि शूटिंग सुरू केलं.

"बंद कर बे ते!"

"मी तुमच्या कामात आडवा नाही आलो, साहेब. रस्त्यावरचं शूटिंग करणं गुन्हा नाही." मोबाईल खाली आला नाही. हवालदार शिव्या देत निघून गेला.

बाजारात ज्याची त्याची जागा ठरलेली. तरी पुढच्या आठवड्यापासून त्याच्या दोन्ही बाजू रिकाम्या राहू लागल्या. म्हातारीसुद्धा लांब जाऊन बसली.

"लाथ त त्यानं मारली," तो मला म्हणाला, "लोकं मले काऊन भेऊन राह्यले?"

मग त्यानं शूटिंग दाखवलं. टोपलीमागून एक माणूस पाठ फिरवून घाईनं निघाला होता. खांद्यावर माझीच पिशवी.

"हा जवळच होता. साक्षीले पाह्यजे होता. ओळखता का, दादा?"

मी नाही म्हणालो. त्यानं माझ्या लसणावर फुंकर मारली आणि तोलायला घेतला.