काडीवाल्याशिवाय

सुताराची लेक चेलो वाजवायची. व्हायोलिनच्याच जातीचं वाद्य, पण तिच्या खांद्याला लागेल एवढं थोराड. आत्या म्हणायची, "एवढं लाकूड पाठीवर वागवतेस, त्यापेक्षा कपाट उचल गं, लुगडी तरी मावतील!" लेक हसायची आणि जिना चढायची.

बारा वर्षं ती मोठ्या वाद्यवृंदात मागच्या रांगेत बसली. पुढं काडीवाला संचालक. त्याची काडी खाली आली की गज ओढायचा, डोक्याला ताप नाही. मग चौतिसाव्या वर्षी तिच्या मनानं घेतलं. नोकरी सोडली आणि चौघांनी मिळून वाजवायचं संगीत शिकायला, एम.ए.ला, पोरासोरांत जाऊन बसली. चौकडीतले बाकीचे तिघं, दोन व्हायोलिनवाले आणि एक व्हायोलावाली, तेवीस-चोवीसचे. ते तिला सुतारीण म्हणायचे. आहेच ती, राग कसला?

खोड एकच होती. चौकडीत काडीवाला नसतो. एकानं दम घ्यायचा आणि त्या दमावर चौघांचे गज एकदम पडायचे. सुतारणीचा गज पडायचा तो दुसऱ्याचा सूर कानावर आल्यावर. उशीर केसभरच, पण दाराला केसभर फट राहिली तरी वारा आत येतोच. त्यात परीक्षेच्या रचनेत तिसऱ्या भागाच्या सुरुवातीचा दम तिनंच घ्यायचा होता.

शुक्रवारी शिकवणाऱ्या बाईंनी वही मिटली.

"सोमवारी पुन्हा ऐकते. तिसरा भाग एकत्र उठला नाही, तर तुझ्या जागी खालच्या वर्गातला मुलगा बसेल. तू वर्ष पुन्हा कर."

"वर्ष पुन्हा येईल बाई, वय येतंय का?"

"म्हणून तर सोमवार म्हणते."

शनिवारी ती बापाच्या कारखान्यात गेली. कापायचं यंत्र बंद पडलेलं, म्हणून बाप आणि काका दोघांनी ओढायच्या जुन्या करवतीनं ओंडका कापत होते. काकानं एका दाराच्या बिजागऱ्या उलट्या बाजूला ठोकल्या, तेव्हापासून चार दिवस दोघांत अबोला. एकमेकांच्या तोंडाकडं बघत नव्हते, पण करवत लोण्यातून जावी तशी चालली होती. लेक बघतच राहिली.

काकाची कंबर धरली. बाप म्हणाला, "उभी काय राहिलीस? धर ते टोक."

चार हात मारले न मारले तोच करवत अडकली.

"ढकलू नकोस!"

"ढकलत नाही आबा. तुम्ही ओढायची वाट बघते."

"तेच तर! तू थांबलीस की माझ्या हातात मेलेलं जनावर येतं."

"मग तुम्ही कधी ओढणार ते कळायचं कसं?"

"दम घेतो की मी. तेव्हाच तुझा हात सैल पडायला पाहिजे. आणि तुझी पाळी आली की दम आधी, हात मागून. परवानगी काय मागतेस?"

कोपऱ्यातून काका पुटपुटला, "बिजागऱ्या सोडून बाकी सगळं कळतं याला."

दिवस मावळेपर्यंत ओंडका संपला. लेकीचे खांदे भरून आले होते.

रविवारी तिनं तिघांना बोलावलं आणि खुर्च्या पाठीला पाठ लावून मांडल्या.

"डोकं फिरलं काय सुतारीण?" पहिला व्हायोलिनवाला म्हणाला. "दिसणार कसं?"

"दिसायला नकोच आहे. बस गुमान."

फक्त तिसऱ्या भागाची सुरुवात. पहिल्या वीस वेळा नुसता गोंधळ. एकतिसाव्या वेळी चारी गज एकदम पडले. बत्तिसाव्या वेळी पुन्हा विस्कटले. व्हायोलावाली रडकुंडीला आली. सुतारीण म्हणाली, "पुन्हा." साठापर्यंत मोजलं, पुढं मोजणंही सोडलं.

सोमवारी बाई दाराशी खुर्ची ओढून बसल्या. दोन भाग झाले. तिसऱ्याला व्हायोलिनवाल्यानं सवयीनं इशाऱ्यासाठी हनुवटी उचलली, बिचारीला आधार म्हणून. सुतारणीनं तिकडं पाहिलंच नाही. गज तारेवर ठेवून तशीच बसली. त्याची हनुवटी खाली आली. मग तिनं दम घेतला, ओंडक्याला भिडावं तसा, आणि चारी गज एकदम पडले.

संपल्यावर बाई उठल्या. "तुझा श्वास रस्त्यावर ऐकू जातो. तेवढा कमी कर. परीक्षेला तूच बसशील."

तिनं जिन्यातूनच बापाला फोन लावला.

"आबा, यंत्र दुरुस्त झालं का?"

"कुठलं! काका कंबर धरून बसलाय. अजून दोन ओंडके पडलेत."

"राहू द्या तसेच. संध्याकाळी येते."