मांडवात उठलेली राणी

चेहऱ्याला लावायच्या सफेद्याचा वास आला, की मी अजूनही कल्याणच्या त्या मांडवात जाते.

आमची नाटक मंडळी सगळी बायकांचीच. इटलीत तीनशे वर्षांपूर्वीही बायका रंगभूमीवर काम करत, हे लोकांना कळावं म्हणून मालकीणबाईंनी तिथलंच एक जुनं नाटक मराठीत करून घेतलं होतं. त्या दुपारचा खेळ फक्त बायकांसाठी होता. मिशा लावून मी राजा झाले होते आणि ठाण्याची यमुना मेलेली राणी. शेवटी राणी तिरडीवरून उठते.

यमुना उठली, आणि प्रेक्षकांतली एक म्हातारी थेट रंगमंचावर चढली. "यमे, तुझं तर आम्ही तेरावं घातलं गं!"

मी यमुनेपासून दोन पावलं मागे सरले. मागाहून कळलं, मुलगी नाटकात गेली हे लपवायला वडिलांनी आईला ती पटकीने गेल्याचं सांगितलं होतं. आपलं तेरावं झालं, हे यमुनेलाही त्या क्षणीच कळलं.

"आई, मी जिवंत आहे."

म्हातारी वाकली. लेकीच्या लुगड्याचा काठ वर करून तिने तिची पावलं भुतासारखी उलटी नाहीत ना, ते चाचपून पाहिलं. मग ती पावलं धरूनच बसली. पडदा पडला तरी सोडेना.

तेव्हा मीच घाबरले होते. आज वाटतं, ती म्हातारी माझ्याहून जास्त घाबरली असेल, तरी पुढे आली.