अंबादासरावांनी अंगावर घेतलेला शाप

अंबादासरावांची नि माझी पहिली गाठ सिनेमाच्या तंबूतल्या पडद्याखाली पडली. मी पेटी वाजवायला नवा होतो आणि ते चित्र सांगत. मुक्या चित्रांच्या काळात पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगणारा माणूस असे, हे आताच्या बोलपटवाल्या पोरांना पटत नाही. पहिल्याच खेळात मी रडण्याच्या प्रसंगाला नाचाची चाल धरली. "पेटीवाले अजून जेवलेले दिसत नाहीत," एवढंच ते म्हणाले आणि खेळ सुटल्यावर मला घरी जेवायला घेऊन गेले.

मराठी, तेलुगू, दखनी या तिन्ही भाषा त्यांच्या तोंडी सारख्याच खेळत. विणकर असो की टांगेवाला, चित्र आपल्याच भाषेतलं आहे असं प्रत्येकाला वाटे.

साठीनिमित्तच्या अशा गौरवग्रंथात सगळं गोड लिहायचा रिवाज आहे. मला ते जमणार नाही, कारण अंबादासरावांचं मोठेपण ज्या गोष्टीत आहे ती गोड नाही.

एकदा आमच्याकडे एक विलायती भुताचं चित्र आलं. त्यात फासावर जाणारी म्हातारी एका घराण्याला शाप देते आणि पुढे तिची काळी सावली दारोदार फिरते. शापाचे शब्द पडद्यावर येणाऱ्या इंग्रजी पाटीवर होते, ते आमच्या लोकांना काय भिडणार? म्हणून अंबादासरावांनी स्वतःचे रचले : "माझी सावली जिच्यावर पडेल, तिचं कुंकू पुसलं जाईल." तंबू गारठून जाई.

एका संध्याकाळी नेमक्या त्याच प्रसंगाला, छातीच्या दुखण्याने खंगलेला एक विणकर बाकावरच कलंडला आणि गेला. बायकांच्या बाजूला त्याची बायको नरसव्वा बसली होती. दिवसकार्य झाल्यावर सासूने तिला तान्ह्या मुलीसकट घराबाहेर काढलं. "शाप घेऊन आली की ही. माझी बाकीची पोरं हायत घरात," असं म्हातारी गल्लीला सांगत होती.

अंबादासराव भर दुपारी त्या दारात गेले. मी सोबत होतो. नरसव्वा मुलीला घेऊन पायरीवरच बसली होती.

"शाप चित्रात न्हाय, आई. चित्र मुकं हाय. ते शब्द मी रचले," ते म्हणाले.

"मग तुमीच घेऊन जावा तो," म्हातारी बंद दाराआडून म्हणाली.

तेव्हा त्यांनी तंबूतल्याच आवाजात, तेलुगूत, तो शाप स्वतःच्या घरावर घेतला. म्हातारीने कडी काढली आणि नरसव्वा आत गेली.

त्याच उन्हाळ्यात शहरात पटकीची साथ आली आणि अंबादासरावांचा एकुलता एक मुलगा व्यंकू गेला. आजूबाजूच्या घरांतलीही मुलं गेली, पण लोकांनी व्यंकूचंच नाव धरलं. शाप तिकडे गेला, म्हणाले. मी चिडून म्हटलं, "अहो, पोर पटकीनं गेलं हे लोकांना सांगा की."

"सांगितलं तर शाप नरसव्वावरच राहिला म्हणतील आणि तिला परत बाहेर काढतील," ते म्हणाले.

लोकांचा समज त्यांनी तसाच राहू दिला. लोक त्यांच्या वाणीला भिऊ लागले, लग्नकार्याची बोलावणी थांबली, तंबूवाल्याने दुसरा सांगणारा आणला. अंबादासराव बारदानाच्या दुकानात पोती शिवायला बसले. नरसव्वाने मात्र त्याच घरात राहून, विड्या वळून मुलगी वाढवली. लोकांनी अंबादासरावांवर केलेला अन्याय मला अजून पचलेला नाही.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी सर्वांत जास्त सोसलं. त्यांनी नवऱ्याला बोल लावला नाही, पण नरसव्वाचं नाव घरात कधी काढू दिलं नाही.

साठीच्या समारंभात औक्षण कुणी करायचं, हे विचारायला परवा आम्ही मंडळी त्यांच्याकडे गेलो. लक्ष्मीबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप बाजूला सारलं.

"नरसव्वाला बोलवा," त्या म्हणाल्या.

ती विधवा आहे, असं कुणीतरी चाचरत सुचवलं.

"ठाऊक हाय मला. माझं पोर तिच्यापायी गेलं म्हणतात लोक. तिच्याच हातनं ह्यांना आयुष्य मागू दे."

अंबादासराव आतल्या खोलीत होते. व्यंकू गेल्यावरही न रडलेला तो माणूस आम्हा सगळ्यांना ऐकू येईल असा रडला.

नरसव्वा त्यांना ओवाळताना जे मागेल, त्यात माझंही मागणं मिळवावं. अंबादासराव धडधाकट राहोत, भरपूर जगोत आणि लक्ष्मीबाई त्यांच्या शेजारी असोत.