बांबू हलवून बघणारी बाई

बीड बायपासला आमच्या घरासमोर इमारत उभी राहत होती. तिथं प्लास्टरचा माल वाहणारी एक बाई होती. नाव मी कधी विचारलं नाही. आधीच्या साइटवर परांची कोसळून ती पडली होती, तेव्हापासून तिचं डावं मनगट वाकडंच राहिलं होतं. रोज कामावर आली की ती पदर खोचायची आणि परांचीचा एकेक बांबू उजव्या हातानं गदागदा हलवून बघायची. गवंडी हसायचे, पण तिचं होईपर्यंत थांबायचे.

एका सकाळी ती म्हणाली, "पहिल्या मजल्याची गाठ ढिली हाय."

मुकादम खेकसला, "तुला काय कळतं? चढा रे!"

ती शिडीच्या पायरीवरच बसली. "मला कामावरून काढा, पण गाठ बांधल्याबिगर कुणी चढायचं नाय."

गवंड्यांनी हातातल्या थाप्या खाली ठेवल्या. शेवटी मुकादम स्वतः आतल्या जिन्यानं पहिल्या मजल्यावर गेला. खिडकीतून हात घालून त्यानं दोरी ओढली, तर ती सगळीच त्याच्या हातात आली. त्यानं नवी दोरी मागवली.

बांधणं चालू असताना मी साइटच्या फाटकाशी गेलो. विचारलं, "ताई, एकदा पडलात. आता वर जायची भीती नाही वाटत?"

"लई वाटती, भाऊ," ती म्हणाली. "म्हणून तर हात लावून बघते."

भीतीचा इतका चांगला उपयोग करणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

गाठी आवळून झाल्या, तरी गवंडी जागचे हलेनात. तेव्हा तिनं मालाचं घमेलं डोक्यावर घेतलं आणि सगळ्यांच्या आधी ती चढली.