नंबर दोन ठरला की निघू

अनिल शनिवारी गेला. त्याला एका क्वार्टरबॅकने अडवून ठेवलंय, असं मला जवळजवळ शेवटपर्यंत वाटत होतं.

क्वार्टरबॅक म्हणजे काय, हे मलाही माहीत नव्हतं.

कोबेला आलो त्या वर्षी एका रविवारी त्याने पोह्यांच्या डिशमध्ये मला हा खेळ शिकवला होता.

"हे शेंगदाणे पुढे, ओळीने. ही भिंत. मागे हा वाटाणा, तो क्वार्टरबॅक. बॉल कुठे जाणार ते हा ठरवतो."

"आणि याला कोणी आडवं केलं तर?"

"बाहेर दुसरा वाटाणा उभा असतो. नंबर दोन. सगळं पाठ, पण खेळायला मिळेलच असं नाही."

"बिचारा," म्हणत मी पहिला वाटाणा खाल्ला.

"आता कळलं ना, दुसरा का लागतो?"

खरं तर त्याला क्रिकेटशिवाय कशातलं काही कळायचं नाही. पण कंपनीने इथली अमेरिकन फुटबॉलची टीम घेतली, पगारी खेळाडूंची, हेल्मेटवाली. त्याचं जपानी चांगलं, म्हणून त्याला मॅनेजर केलं. मग ती टीम म्हणजेच त्याचं घर झालं.

यंदा पोटात कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, आता फक्त दुखणं कमी करू शकतो. भारतात जायचं तर लवकर जा, पुढे विमानात बसायची परवानगी देता येणार नाही.

पुण्याला दादांनी, माझ्या मोठ्या दिरांनी, खालची खोली रिकामी केली. हॉस्पिटलसारखा पलंग आणला. नर्स बघून ठेवली.

अनिल म्हणाला, "नंबर दोन ठरला की निघू."

टीमचा राखीव क्वार्टरबॅक नेमका तेव्हाच सोडून गेला होता. आता नावं दोन. तादा, नुकताच युनिव्हर्सिटीतून आलेला. आणि मोरी-सान, खेळणं थांबवून शाळेत शिकवायला लागलेले.

"तादा बॉल लांब फेकतो," अनिल म्हणायचा, "पण अंगावर माणूस धावून आला की डोळे मिटतो. मोरी मिटत नाही."

मोरी-सान हॉस्पिटलमध्ये आले. पीचची जेली घेऊन.

"एकच सीझन, मोरी-सान. बहुधा बेंचवरच बसावं लागेल. पण तुम्ही हवे आहात."

मोरी-सान खाली वाकले. "कांगाएतोकिमास." विचार करून ठेवतो.

ते गेल्यावर अनिल मला म्हणाला, "ऐकलंस ना? विचार करतोय."

मग वाट बघणं सुरू झालं.

"मोरींचा फोन?"

"अजून विचार करतोय. जपानी माणूस आहे, घाई करत नाही."

तोवर त्याला उशीशिवाय बसता येईना. दादा रोज विचारायचे, कधी निघताय. मी इथल्या श्राइनमध्ये, जपानी देवळात, त्यांच्या रीतीने टाळ्या वाजवल्या, गणपतीला हात जोडले, माझ्या लहानपणच्या शाळेच्या चॅपलमधली प्रार्थनासुद्धा म्हटली. सगळीकडे एकच मागणं. देवा, मोरी-सानना हो म्हणायला लाव.

अनिलला बरं कर, हे मागायचं राहूनच गेलं.

शेवटी मीच मोरींना फोन केला. माझं जपानी भाजीच्या दुकानापुरतं. तरी म्हटलं, हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, पण आज म्हणा. मला नवऱ्याला घरी न्यायचंय.

 ते लहान मुलाला सांगावं तसं हळू बोलले.

"वहिनी, मी त्याच दिवशी नाही म्हटलं. आमच्या भागात 'विचार करून ठेवतो' म्हणजे नाही. मॅनेजर-सानना ते माहीत आहे. नव्या लोकांना ते स्वतःच शिकवतात."

मी खोलीत गेले.

"मोरी नाही म्हणालेत. तुला माहीत होतं."

तो हातावरची चिकटपट्टी कुरतडत राहिला. "हो."

"मग तादाला सांग आणि निघू. दादा वाट बघतायत. या आठवड्यातली तिकिटं अजून मिळतील."

"बघू."

लग्न झाल्यापासून हा शब्द ऐकत आले. बाल्कनी बंद करून घेऊया? बघू. सईला गाण्याला घालूया? बघू. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर विचारायच्या, येस ऑर नो. तिसरं उत्तरच नव्हतं. म्हणून प्रत्येक 'बघू'नंतर मी भाबडेपणाने वाट बघत बसले.

त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकू आलं.

मी खूप भांडले. नर्सने येऊन दार लावून घेतलं.

"तिथे तुझी माणसं आहेत, अनिल."

"म्हणूनच." थोडा दम घेऊन म्हणाला, "तिथे सगळे माझ्याकडे बघत बसतील. इथे रोज कुणीतरी विचारायला येतं, नंबर दोन कोण. ठरवत नाही तोवर येतील."

मी त्याच्या पाठीमागची उशी नीट केली. 

आठवडा संपला. डॉक्टरांनी परवानगी नाकारली. मग त्याने तादाला बोलावलं.

"तू. डोळे उघडे ठेव."

तादा रडला. अनिल लगेच झोपला. त्यानंतर विचारायला कुणी आलं नाही.

आता सगळ्यांना कामाचं सांगते.

त्याची टीमची टोपी तादाला दिली. शिट्टी मोरी-सानना, शाळेत उपयोगी पडेल.

टोकियोच्या निशी-कसाई भागातल्या मंडळींनो, मराठी पुस्तकं तुमची. खोकी कुरिअरने पाठवते, भांडू नका.

बॅट सईला. ती म्हणते, "आई, कुठे ठेवू मी, माझी खोली एवढीशी." ठेव कुठेही.

दादा, अस्थींचं विचारलंत. इथे हाडं चॉपस्टिकसारख्या लांब काड्यांनी उचलून कलशात ठेवतात. सईने आणि मी उचलली. निम्मी इथेच राहतील, त्याला इथे थांबायचं होतं. निम्मी तुमची. विमानात मांडीवर घेऊन बसेन.

मला आणता येतंय ते एवढंच, दादा.

अनिल, नीट जा.